माग वाढवला

माझी बायको अनुसया माघ महिन्यात गेली. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी मी माग वाढवला.

घरात एकच माग होता. पुढच्या खोलीत, खड्ड्यात पाय सोडून विणायचा, माझ्या वडिलांनी बसवलेला. मागावर मी बसायचो आणि कांड्या अनुसया भरायची. लोकांना वाटतं विणकर म्हणजे मागावर बसलेला माणूस. तसं नसतं. मागावर इकडून तिकडे फेकतात त्या धोट्यात कांडी लागते, कांडीवर सूत लागतं, आणि ते सूत रहाटावर बसून दुसऱ्या कोणीतरी भरावं लागतं. एका लुगड्याला किती कांड्या लागतात ते मी कधी मोजलं नाही, कारण हात बाजूला केला की भरलेली कांडी हातात यायची. सत्तावीस वर्षं यायची. ती रागात असली की कांडी घट्ट यायची. मग मी विचारायचो, "काय झालं वं?" आणि ती म्हणायची, "काही नाही, तुमी विणा."

ती गेली तेव्हा मागावर अर्धं लुगडं होतं. ते मी कापून घेतलं, ताणा म्हणजे उभं सूत गुंडाळलं, फणी कपड्यात बांधून ठेवली, लाकडं सोडून भिंतीला लावली आणि खड्ड्यावर फळ्या टाकून सतरंजी अंथरली. घरी आलेला माणूस आता त्या सतरंजीवर बसतो. खाली खड्डा आहे हे त्याला कळत नाही.

बंद केला, असं आमच्यात कोणी म्हणत नाही. दुकानदार संध्याकाळी दुकान वाढवतो, बाईच्या बांगड्या वाढतात, तसा विणकर माग वाढवतो. ज्या वस्तूनं पोट भरलं तिला बंद, मोडलं, संपलं असले शब्द लावायचे नसतात. हे मी लहानपणापासून ऐकलं आणि तसंच बोललो.

हे यंदाचं, शहाऐंशी सालचं. आमची वस्ती गोळीबार चौकाच्या मागे. घरात आता मी आणि माझी मुलगी जया. जया बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. दोन वर्षांत तिनं सतरा अर्ज केले होते. बँक, पोस्ट, वीज मंडळ, एक शाळासुद्धा. रहाटावर ती कधी बसली नाही. आईनंच बसू दिलं नाही. म्हणायची, "माह्या बोटायले पडल्या तशा खाचा तिच्या बोटायले नको."

चैत्रात एके सकाळी देवधर नावाचे एक सर आमच्याकडे आले. पस्तिशीचे, चष्मा, खांद्याला पिशवी. बोलण्यावरून पुण्याकडचे. वस्तीत घरोघर फिरत होते. मी त्यांना सतरंजीवर बसवलं. जयानं पाणी दिलं. शेजारचा लहानू, तोही विणकर, दारात येऊन उभा राहिला. कोणाच्याही घरी नवा माणूस आला की लहानू येतो.

"कुठून आले म्हणता?" मी विचारलं.

"विद्यापीठातून."

"पोरीची परीक्षा तं केव्हाच झाली."

"परीक्षेचं नाही काका. सर्वेक्षण आहे."

लहानू दारातूनच बोलला, "सरकारी हाय काय?"

"सरकारी नाही. विद्यापीठाचं."

"मंग विद्यापीठाले आमचं काय काम पडलं?"

देवधर सरांनी चष्मा पुसला. हा प्रश्न त्यांना त्या गल्लीत बऱ्याच जणांनी विचारला असावा. ते म्हणाले, "आम्ही पदव्या देतो आणि मुलं नोकरीच्या रांगेत उभी राहतात. आता विद्यापीठानं ठरवलंय की समाजात उद्योग उभे करणं हेही आपलंच काम. त्यासाठी नवं केंद्र सुरू होतंय. उद्योजकता केंद्र. मुलांना स्वतःचा उद्योग करायला शिकवायचं."

"आमच्या पोट्ट्यायले नसते उद्योग आधीच येते," लहानू म्हणाला. "ते शिकवाले विद्यापीठ कायले पायजे?"

सर हसले. पण लहानूचं त्यांनी काही लिहून घेतलं नाही. मला तेव्हाच वाटलं, हा माणूस स्वतःला पाहिजे तेवढंच लिहितो.

छापील कागद होता. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, माग किती विचारलं. मी म्हटलं, एक. मग ते कागदावर बोट ठेवून म्हणाले, "गेल्या वर्षभरात धंदा वाढवला का?"

"वाढवला," मी म्हटलं.

"कधी?"

"बायको गेली तेव्हाच. तेरवी झाली, दुसऱ्या दिवशी वाढवला."

त्यांनी मान वर केली. "पत्नी गेल्या, आणि लगेच?"

"मंग काय करतो? तिच्याबिगर..."

मी उठून मागच्या अंगणात गेलो, हौदाजवळ बसून तोंड धुतलं. परत यायला वेळ लागला. आलो तेव्हा सर पेनाला टोपण लावत होते आणि जया त्यांच्यासमोर बसून होती. लहानू निघून गेला होता. सर उठले आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला. देवळात करतात तसा.

"तुमच्यासारखी माणसं आम्हाला दाखवायची आहेत," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी जयाला विचारलं, "मले काहून वाकला तो?"

"चांगला माणूस हाय," जया म्हणाली आणि पेला उचलून आत गेली.

मला ते पटलं नाही. माझ्या पन्नास वर्षांत माझ्या दारात कागद घेऊन आलेला कोणी मला वाकला नव्हता. जे आले ते काहीतरी न्यायला आले. विणकर सोसायटीचे आले तेव्हा अंगठे नेले. जनगणनेचे आले त्यांनी दारावर आकडा मारला, तो अजून आहे.

मे महिन्यात पत्र आलं. टाईप केलेलं, खाली शिक्का. जयानं वाचून दाखवलं. पत्नीच्या निधनानंतर खचून न जाता आपण ज्या धैर्याने व्यवसाय वाढवलात त्याबद्दल केंद्राच्या उद्घाटनात आपला सत्कार करण्याचे योजिले आहे. पुढे असं होतं की आपल्या कन्येस तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात प्रवेश देण्यात येईल, आणि प्रशिक्षण यशस्वी झाल्यास कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत शेड मिळण्यासाठी शिफारस करण्यात येईल.

मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. मग पत्र घेऊन लहानूकडे गेलो. लहानू माग थांबवून बसला. त्याला वाचता येतं, पण तो मोठ्यानं वाचतो. दोनदा वाचलं.

"माग वाढवला म्हणून सत्कार?" तो म्हणाला.

"तसंच लिहिलं हाय."

"आयुष्यभर माग चालवला, तवा नाही केला सत्कार."

"नाही."

लहानूनं पत्र मांडीवर ठेवलं. "डोकं लाव नानाजी. ज्यानं चालवला त्याले कोणी इचारत नाही. ज्यानं वाढवला त्याले शाल. म्हणजे यायले काय पायजे?"

"माग वाढले पायजे."

"बराबर. एकाचा सत्कार केला की दुसरा म्हणन, मी बी वाढवतो. गल्लीच्या गल्ली साफ. आन् पोरगी कुठं नेऊन राहिले? कळमेश्वरले. तिथं काय हाय? कारखाने. बापाच्या हाताचा माग गेला, पोरगी मशीनवर उभी. विद्यापीठवाले हुशारच राहते गा, शिकलेले राहते."

मी त्यात चूक शोधली. सापडली नाही. ज्या माणसानं माग चालू ठेवला त्याचं कौतुक कोणी केलं नसतं, हे खरं होतं. सर मला वाकले, तेही त्यात बसत होतं. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत झालं की विद्यापीठ माग वाढवणाऱ्यांना शाल देऊन राहिलं. एका म्हातारीनं मला हटकलं, "नानाजी, तुमी तं म्होरके झाले आता."

जयाला मी म्हटलं, "मी नाही जात."

ती भाकरी थापत होती. हात थांबवला नाही. म्हणाली, "तुमी नाही गेले तं माह्यी सीट जाते."

"कशाची सीट? मशीनवर उभं राहाची?"

"काय शिकवतात ते तरी पाहू द्या. सतरा अर्ज केले बाबा. एकाचं बी उत्तर नाही आलं. हे मी न मागता आलं. आता याच्यापुढे माह्यं लग्न करून द्याल, नाही तं हे करू द्याल. रहाटावर तं माय मले बसू देत नव्हती."

ती तशी कमी बोलते. मी हो म्हटलं. पण मनात ठरवलं होतं, लहानूलाही सांगितलं होतं, की जायचं, त्यांच्या तोंडावर सांगायचं की बायको मेली म्हणून माणसाचा माग थांबला तर त्याचं कौतुक करायचं नसतं, आणि शाल परत द्यायची.

उद्घाटन अठ्ठावीस मेला होतं. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू होता. बसनं आम्ही अमरावती रोडला उतरलो आणि विद्यापीठाच्या आवारात चालत गेलो तेवढ्यात माझा सदरा पाठीला चिकटला. सभागृहाबाहेर देवधर सर वाट पाहत होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी आणवलं आणि खिशातून कागद काढला.

"तुमची ओळख मी करून देणार आहे. वाचून दाखवतो. काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा."

त्यांनी वाचलं. "श्री. नानाजी सोरते. व्यवसायानं विणकर. पत्नीच्या निधनाचा आघात होऊनही तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी व्यवसायाचा विस्तार हाती घेतला. एका मागाचे आज तीन माग झाले आहेत. दोन उमरेडला, आणि तिसरा घरी जोडला जात आहे."

मी जयाकडे पाहिलं. ती स्वतःच्या चपलांकडे पाहत होती.

"ठीक आहे ना?" सरांनी विचारलं.

"पोरीसंग बोलून येतो," मी म्हटलं.

बाजूला कडुनिंब होता. त्याच्या सावलीत मी तिला नेलं.

"तीन कोठून आले वं?"

"मी सांगितले."

"आन् उमरेड?"

"ते म्हणे, माग दिसत नाहीत. मी म्हटलं, मामाकडे हायेत. भिंतीले लाकडं होती, ते म्हणे हे काय, मी म्हटलं तिसरा."

"आन् वाढवला म्हणजे काय, हे नाही सांगितलं तू त्याले?"

"वाढवला तुमी म्हटलं. त्यायनं त्यायच्या हिशेबानं घेतलं. मी फक्त थांबवलं नाही."

"काहून?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी उठून हौदावर गेले. सर मले म्हणे, तुझे वडील फार मोठे आहेत. आपल्या घरात येऊन असं कोणी म्हटलं होतं काय? माय गेली, माग गेला, दोन माणसं आन् एक सतरंजी, असं सांगितलं असतं तं ते उठून लहानूकाकाच्या घरी गेले असते."

दीड महिना मी विद्यापीठावर संशय घेतला होता. खोटं माझ्याच घरात, माझ्याच ताटात भाकरी वाढत होतं.

"तिच्या जाण्यानं घर मोठं झालं, असं मी चार लोकांत म्हणू?" मी म्हटलं. "तिची कांडी थांबली म्हणून माग थांबला. आन् हा तिथं वाचणार की ती मेली आन् नानाजीचे तीन माग झाले. जशी काय ती अडवून बसली होती."

"तुमी काही म्हणूच नका. नारळ घ्या आन् खाली या. मी जिंदगीत तुमाले काही मागितलं नाही."

हे खरं नव्हतं, पण तिथं वाद घालायला वेळ नव्हता. आतून माईकचा आवाज यायला लागला.

सभागृहात पंखे होते, पण हवा गरमच होती. संचालक म्हणून कोणी बोलले. ज्ञान भिंतीबाहेर गेलं पाहिजे, विद्यापीठ आणि समाज यांच्यात पूल बांधला पाहिजे, उद्याचा विद्यार्थी नोकरी मागणारा नसेल, देणारा असेल, असं ते बरंच बोलले. वाईट काही बोलले नाहीत. मी ऐकत होतो आणि यात माझ्याकडून काय पाहिजे ते शोधत होतो. मग देवधर सरांनी माझी ओळख वाचली. तीन मागांवर टाळ्या झाल्या. मी वर गेलो. संचालकांनी माझ्या अंगावर शाल घातली. शाल मशीनवरची होती. बघायची गरज पडत नाही, मानेला लागली की कळतं.

"दोन शब्द बोला," ते म्हणाले.

समोर पहिल्या रांगेत कोपऱ्यात जया बसली होती. हात मांडीवर ठेवले होते आणि बोटं एकमेकांत घट्ट धरली होती. नाही म्हणायचं ते मी बसमध्ये पाठ केलं होतं. ते आता उपयोगाचं नव्हतं. तीन नाहीत म्हटलं असतं तर तिची सीट तिथंच गेली असती, सगळ्यांसमोर. आहेत म्हटलं असतं तर अनुसयेला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

मी म्हटलं, "मी विणकर. माह्यी बायको कांड्या भरे. ती गेली, हात गेला. म्हणून माग वाढवला. यात मी काही मोठं केलं नाही. आमच्यात कोणावर बी ती येळ आली तं तो माग वाढवते. सत्कार कराचा होता तं ती होती तवा तिचा कराचा होता."

एवढं बोलून मी थांबलो. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

संचालकांनी माईक जवळ ओढला. "मित्रांनो, याला म्हणतात नम्रता. इतकं करून हा माणूस म्हणतो, मी काही केलं नाही." पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जास्त. मागे दाराशी एक चपराशी उभा होता, आमच्याच बाजूचा असावा. त्यानं टाळी वाजवली नाही. टोपी सारखी केली आणि माझ्याकडे पाहत राहिला. आणि मंचावर देवधर सर टाळ्या वाजवता वाजवता मध्येच थांबले.

बसनं आम्ही घरी आलो. शाल मी घडी करून पिशवीत ठेवली होती. गल्लीत शिरताच लहानूनं विचारलं, "दिली काय वापस?"

"नाही."

"मंग लहर बदलली म्हणायची," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी देवधर सर आले. एकटे. सतरंजीवर बसले आणि पाण्याचा पेला न पिता खाली ठेवला.

"काका, दुकान वाढवलं म्हणतात, बांगडी वाढवली म्हणतात. हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "मागाला पण म्हणतात हे माहीत नव्हतं. तुम्ही 'हात गेला' म्हणालात तेव्हा लक्षात आलं. माग बंद आहे ना?"

"तुमी ज्याच्यावर बसले तिथंच होता."

ते झटकन उठले. मी म्हटलं, बसा, फळ्या मजबूत आहेत. पण ते भिंतीजवळ जाऊन बसले.

"आणि उमरेड?"

जया स्वयंपाकघराच्या दारात होती. तीच म्हणाली, "उमरेडले मामा हाय सर. माग नाही."

सर तिच्याकडे पाहत होते, पण रागावले नाहीत. म्हणाले, "यादी पुढे गेली आहे. पंधरा जूनला समितीची दोन माणसं उद्योग पाहायला येणार. तीन माग दिसले नाहीत तर जयाचं नाव कापतील. मलाही विचारतील."

मला वाटलं, आता हा म्हणेल, कोणाचे तरी दोन माग आणून ठेवा. लहानूचा एक आहेच. मी वाट पाहत होतो.

ते म्हणाले, "मी कागद दुरुस्त करणार. खोटं ठेवणार नाही. पण बंद लिहिलं तर सरळ नाव जातं. एक जरी चालू असला, तर आधी बंद होता, आता सुरू केला, असं लिहिता येईल. ते खरं असेल. मग समिती काय ठरवते ते ठरवेल."

"हे तुमी आमच्यासाठी करून राहिले का सोतासाठी?" मी विचारलं.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "दोन्ही. माझंही नाव त्या कागदावर आहे."

विद्यापीठातून आलेल्या माणसाचं हे पहिलं बोलणं मला खरं वाटलं. तरी मी म्हटलं, आधी कागदावर लिहा. त्यांनी आधीची ओळ खोडली, नवी लिहिली. मी जयाला मोठ्यानं वाचायला लावलं. आधी बंद. आता एक सुरू करीत आहे. मग सही केली.

ते गेल्यावर मी जयाला म्हटलं, "माग लावतो. कांड्या तू भरायच्या."

"आन् सीट मिळाली तं? मी सकाळी जाईन, संध्याकाळी येईन. कांड्या कोण भरन?"

"तवा बंद राहीन."

हा शब्द मी मागासाठी पहिल्यांदा वापरला. तिनं तो ऐकला. मग सतरंजी उचलून अंगणात झटकायला घेऊन गेली.

पंधरा दिवस होते. लहानू मदतीला आला. लाकडं उभी करता करता त्याचं तोंड चालू होतं. "शाल आता वापस करा लागन. वाढवला म्हणून देली होती. आता तं तू चालवून राहिला."

"गप लाकूड धर."

"धरलं. पण मले हे समजत नाही नानाजी, तुह्या पोरीले सीट मिळावी म्हणून तू माग लावून राहिला, आन् सीट मिळाली की माग थांबणार. हे विद्यापीठात शिकवते काय?"

मला ते समजत होतं. लावायला बसलो तेव्हापासून समजत होतं.

जया रहाटावर बसली. पहिल्या दिवशी तिच्या कांड्या सैल आल्या. धोटा टाकला की सूत निसटून गुंता व्हायचा. मी तीन वेळा परत दिल्या. अनुसयेची सैल कांडी मी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे सैल कांडीला काय विचारायचं ते मला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी तिच्या बोटाला सूत लागून रक्त आलं. चिंधी बांधून बसली. आठव्या दिवसापासून कांडीसाठी माझा हात थांबेनासा झाला. एकदा ती म्हणाली, "माय कंटाळत नव्हती काय?"

"तिनं कधी सांगितलं नाही."

"तुमी विचारलं होतं काय?"

मी विणत राहिलो. विचारलं होतं, पण ते घट्ट कांडी आली तेव्हा. इतर वेळी नाही.

पंधरा जूनला समितीची दोन माणसं आली, सोबत देवधर सर. त्यातला जाडा गृहस्थ खोलीत शिरून इकडे तिकडे पाहू लागला. "तीन लिहिले होते."

"ते दुरुस्त केलंय," सर म्हणाले. "माझी चूक होती."

जया पुढे आली. "सरांची नाही. मी खोटं सांगितलं होतं."

जाड्या गृहस्थानं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "आधी किती?"

"एक. मंग एक बी नाही."

"आणि आता?"

"दिसून राहिला तो."

त्यानं मला विणून दाखवायला सांगितलं. मी विणून दाखवलं. जयानं कांडी दिली. त्यानं लुगड्याचा काठ हातात घेतला, दुसऱ्याला दाखवला, आणि काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही. जाताना म्हणाला, "कळवू."

जुलैत कळवलं. जयाला सीट मिळाली. शेडच्या शिफारशीचं त्यात काही नव्हतं, ती ओळ गाळली होती. मी ते जयाला म्हटलं. ती म्हणाली, "तीन महिने तं मिळाले."

आता ती सकाळी साडेआठला जाते. मी सकाळभर रहाटावर बसतो, कांड्या भरतो, आणि दुपारनंतर मागावर. सहा दिवसांचं लुगडं बारा दिवसांत होतं. लहानू म्हणतो, "आता तूच नवरा, तूच बायको." माग बंद राहील म्हटलं होतं, तो राहिला नाही, एवढंच. माझ्या कांड्या अजून बऱ्या येत नाहीत.

विद्यापीठावर माझा विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. जया घरी आली की मी रोज विचारतो, आज कशावर सही घेतली? ती म्हणते, कशावर नाही. मी तरी पिशवीतले कागद पाहतो. एकदा एक शिबिराचा कागद होता, तो मी दोन दिवस ठेवून घेतला आणि लहानूकडून दोनदा वाचून घेतल्यावर दिला.

गेल्या आठवड्यात ती एक गठ्ठा घेऊन आली. सगळे छापील, सारखेच.

"हे काय वं?"

"सर्वेक्षण हाय. पन्नास घरं करायची. सर म्हणे, ओळखीच्या घरापासून सुरू करा."

"मंग लहानूच्या घरी जाऊ नको. गेलीच तं चहा पी आन् ये, कागद काढू नको."

"त्याच्या आधी आपलंच घर करते," ती म्हणाली. हातपाय धुऊन आली, मागासमोर बसली, कागद पाटीवर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. चेहरा एकदम वेगळा केला तिनं. मला ती परकी वाटली.

"नाव?"

"तुले माहीत नाही काय?"

"विचारावं लागते बाबा. नाव सांगा."

"काहून पायजे?"

ती कागदाच्या वरच्या ओळी वाचू लागली. पान उलटलं, मागे पाहिलं, पुन्हा समोर आली. मी धोटा हातात धरून थांबलो होतो.

"हे कोठं जाणार, कोण वाचणार, ते मले बी नाही सांगितलं," ती म्हणाली. "उद्या विचारते."

"विचार," मी म्हटलं. "ते काय सांगते ते मले येऊन सांग. मंग नाव लिहू."

तिनं पेनाला टोपण लावलं.